चपला पायातच

भिवाच्या अंगात करंट जिरतो, असं कामरगावच्या बाजारात माणसं एकमेकांना शपथेवर सांगायची. मी त्याची चुलत बहीण, भागिरथा. त्याचं न आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळे लोक मलाच येऊन विचारायचे, "खरं हाय काय वं?" आणि मी तोऱ्यात सांगायची, खरं हाय म्हणून. सोळा वर्षांची होते, तोरा दाखवायला घरात दुसरं होतं तरी काय?

आता गोष्ट सांगायचीच आहे तर लपवाछपवी नको. भिवाच्या अंगात काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या पायात होतं. ट्रकच्या जुन्या टायरच्या चपला. बोटभर जाड तळ, वरचे पट्टेही टायरचेच, चिरेतून ओवून घेतलेले, खिळा एक नाही. कोरड्या जमिनीवर असा रबराचा तळ पायाखाली असला तर करंट माणसातून खाली उतरत नाही, हे आज शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. आमच्या गावात वीज नुकती आली होती. दिवा लागतो तेवढी ती चांगली आणि हात लावला की मारते तेवढी ती वाईट, यापलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. भिवाला तर नाहीच. या न समजण्यापायी आमचं ते पोरगं भर गर्दीत, टाळ्यांच्या गजरात मरायला निघालं होतं.

त्याआधी भिवा कसा होता ते ऐका. असून नसल्यासारखा. पाच भावंडांत मधला, म्हणजे थोरल्याचे कपडे आणि धाकट्याचं उष्टं त्याच्या वाट्याला. वर्गात मास्तर हजेरी घेताना त्याच्या नावावर कधी थांबलेच नाहीत. तो "हजर" म्हणायचा तोवर पुढचं नाव झालेलं असायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापाशी आला की वरण संपायचं. एकदा आम्ही सगळी पोरं वाशीमला पाहुण्याकडे गेलो आणि परत येताना याला एसटी स्टँडवर विसरून आलो. रात्री जेवायला बसल्यावर मोठीमायनं, म्हणजे भिवाच्या आईनं, भाकरी मोजली तेव्हा लक्षात आलं! दुसऱ्या दिवशी तो आपला आपण आला. रागावला नाही, रडला नाही. "बस हुकली," म्हणाला. मला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही.

त्याचे वडील ग्यानबा, माझे मोठेबाबा, मात्र विसरण्यासारखा माणूस नव्हता. उंच, हाडकुळा, डाव्या गुडघ्यात लंगडा. ते लंगडणं जन्माचं नव्हतं. आमच्या गावात जुना रिवाज असा, की आमच्या लोकांनी चावडीपुढून जाताना पायातलं पायताण हातात घ्यायचं. म्हातारेकोतारे तर डोक्यावर धरायचे. छप्पन साली मोठेबाबा नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. गावात शिरले ते सरळ चावडीपुढून, चपला पायात ठेवून. चार जणांनी काठ्यांनी मारलं. गुडघा फुटला. पण चपला काही काढल्या नाहीत. घरी आणलं तेव्हा एक पायात होती आणि दुसरी छातीशी धरलेली.

तेव्हापासून त्या घराला एकच नियम होता. ताटात भाकर नसली तरी चालेल, पण उंबऱ्याबाहेर उघडा पाय पडायचा नाही. म्हणून टायरच्या चपला, कारण त्या झिजत नाहीत. कामरगावच्या बाजारात अन्सारमामू बसायचे टायर कापायला, ते मोठेबाबांना लांबून पाहिलं की हसत म्हणायचे, "आला बघा गड्या, पायांचा बादशहा." सणावाराला लोक पोरांना सदरे घ्यायचे, मोठेबाबा चपला घ्यायचे.

आता त्या वैशाखातली गोष्ट. दुपारी वावटळ उठली. बाबूसिंगच्या पिठाच्या गिरणीवर गेलेली वायर तुटून गल्लीत पडली. गिरणी कालपरवापर्यंत डिझेलच्या इंजिनावर चालायची, नुकती विजेवर घेतलेली. वायरीखाली एक बैल सापडला आणि उभ्या उभ्या गेला. त्याच्यामागे शेषराव पाटलांची नात धावत येत होती, तीनेक वर्षांची, बैलाकडे बोट दाखवत. माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, पण पुढं पाऊल टाकायची कोणाची छाती होईना. भिवा ज्वारीचं गाठोडं घेऊन गिरणीबाहेर उभा होता. आमच्या लोकांना आत जायची परवानगी नव्हती, दळण बाहेरूनच द्यायचं. त्यानं गाठोडं ठेवलं, दोन पावलं टाकली, वायर हातानं उचलली आणि कुंपणावर फेकून दिली.

झालं. त्याला काही झालं नाही. त्यानं पोरीला उचलून तिच्या आजाच्या हातात दिलं, गाठोडं परत डोक्यावर घेतलं आणि आपला नंबर कधी येईल म्हणून उभा राहिला. मी नंतर विचारलं, "भेव नाई वाटलं?"

"कायचं भेव? मले वाटलं पोट्टीच्या पायात गुंतन ते."

गावाला मात्र ते साधं वाटलं नाही. बैल मेला आणि हा जिवंत! गिरणीवर काम करणारा रऊफ, विशीचा पोरगा, इंजिनाच्या तेलात हात घालणारा, विजेचं त्यालाही तेवढंच कळत होतं. पण त्याच्याकडे टेस्टर होता. दुसऱ्या दिवशी त्यानं भिवाला उघडी तार हातात धरायला लावली आणि टेस्टरचं टोक त्याच्या कोपराला टेकवलं. टेस्टरमधला लाल दिवा लागला. रऊफनं टेस्टर खाली टाकून कान पकडले.

"या अल्ला! अरे याच्या अंगातून बिजली खेळू राह्यली!"

मग काय विचारता! महिनाभरात भिवा भिवाजी झाला. धनज गावची माणसं त्याला घेऊन गेली, तिथं शाळेच्या ओसरीवर त्यानं तार धरून दाखवली. कामरगावच्या बाजारात पोरं त्याच्यामागे फिरायची. बाया लेकरं आणून त्याच्या पायावर घालायच्या, कोणाला फिट येते, कोणाचं पोर रात्री दचकतं. रुपाबाई नावाची एक म्हातारी तर रोज सकाळी येऊन नुसती त्याच्या दंडाला हात लावून जायची, गुडघे दुखतात म्हणून. मास्तरांनी हजेरीत त्याच्या नावावर थांबून वर पाहिलं. ज्या हॉटेलात आमच्यासाठी कडेला फुटका कप ठेवलेला असायचा, तिथं त्याला बशीसकट चहा मिळाला. त्या दिवशी घरी आला तेव्हा मी पाहिलं, त्याचा चेहराच बदलला होता. चालणं बदललं होतं. बोलायला लागला होता तो! पंधरा वर्षांचं साचलेलं बोलणं बाहेर पडत होतं आणि आम्ही ऐकत होतो. मला फार आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

एकट्या मोठेबाबांना यातलं काही पटत नव्हतं.

"अंगात येणं, पावणं, उतारा, हे सारं आपण सोडून देल्लं," ते म्हणायचे. "देव नदीत सोडले ते काय पोट्टं देव्हाऱ्यात बसवासाठी?"

"पण बा, मले खरंच काई होत नाई," भिवा म्हणायचा.

"होत नाई त्याले काई कारण असन. कारण समजलं नाई म्हणून ते देवाचं होत नाई."

हे बोलायला बरं होतं. पण खरं कारण त्यांनाही सापडत नव्हतं.

भादव्यात गणपती बसला. चावडीपुढच्या दगडी ओट्यावर मंडप, कामरगावाहून आणलेला लाऊडस्पीकर, आणि त्या वर्षी पहिल्यांदा विजेच्या दिव्यांच्या माळा. शेषराव पाटील मंडळाचे अध्यक्ष. नात वाचल्यापासून त्यांचा भिवावर जीव होता, यात खोटं काही नाही. त्यांनी निरोप पाठवला नाही, स्वतः आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत आले. असं आधी कधी झालं नव्हतं.

"ग्यानबा, तुह्या पोराचा सत्कार करतो. ओट्यावर, गणपतीपुढं. आसपासच्या गावची मानसं येऊन राह्यली. तिथंच त्यानं शक्ती दाखवावी."

मोठेबाबा म्हणाले, "ओट्यावर म्हणजे चपला काढून."

पाटील हसले. "देवापुढं चपला कोण घालते गा? मीबी काढतो."

"तुमी देवापुढं काढता. आमचा बाप चावडीपुढं काढत होता. ओटा तोच हाय." मोठेबाबांनी हात जोडले. "पोरगं येणार नाई."

पाटलांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ते परत गेले ते मागे न पाहता. त्या रात्री बापलेकात जे झालं ते अख्ख्या वस्तीनं ऐकलं. भिवा पहिल्यांदा बापापुढं उभा राहिला.

"तुमाले नाई समजत बा. ज्या ओट्याले आमी हात लावला तं इटाळ होत होता, त्याच ओट्यावर मले बलावून राह्यले! तुमच्या चपलेपायी मी सारं सोडू?"

"चपलेपायी नाई रे. चपला काढल्यावर जो मान भेटते तो आपला नाई."

"मंग कोणता आपला? एसटी स्टँडवर इसरून येता तो?"

मोठीमाय चंपाबाई मधे पडली, भिवाला आमच्या घरी झोपायला पाठवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. झोपला नव्हता, मला कळत होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागलेली. बारीक, थांबायचं नाव नाही. सांज व्हायच्या सुमारास भिवा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गोठ्यामागे नेऊन त्यानं उजव्या हाताचं बोट दाखवलं. टोकाला काळा डाग.

"कोणाले सांगू नको भागी. गिरणीत गेल्तो. बाबूसिंग बोलला, आता तू आत येत जाय, तू काय परका हायेस काय. आत गेलो. रऊफ नव्हता. सहज खटक्याच्या तारेले बोट लावलं तं धाडकन मागं पडलो."

मी त्याचा हात धरला. "मंग आज नको जाऊ! जीव जाईन तुहा."

"नाई नाई. तुले नाई समजत." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "बानं नाई म्हटलं, मी भांडलो, म्हणून ते रुसलं. गणपतीपुढं उभा राह्यलो की येते वापस. मले मालूम हाय. तथी गेलंच पायजे मले." आणि मग हळूच, "नाई गेलो तं उद्या मी कोण राह्यलो, भागी?"

तो गेला.

मी थेट मोठेबाबांकडे धावले. ते ओसरीवर दोरखंड वळत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते उठतील, ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांचे हात फक्त थांबले.

"गिरणीत आत गेल्ता? आत?"

"हो."

"बाबूसिंग आत चपला नाई घालू देत. पिठाचं ठिकाण. चपला कोठी होत्या?"

"बाहेरच काढल्या असतीन."

"वायर उचलली तवा?"

"पायात होत्या."

"धनजले?"

"पायातच. तुमीच तं काढू देत नाई, मोठेबाबा."

दोरखंड त्यांच्या मांडीवरून खाली घरंगळला. मला विजेतलं काही कळत नव्हतं, त्यांनाही नाही. पण वायर, धनज आणि गिरणी, या तिन्हींत फरक होता तो फक्त चपलांचा. तेवढ्यात चावडीवरून लाऊडस्पीकर खरखरला आणि पाटलांचा आवाज आला: आपल्या गावचे भूषण, श्री. भिवाजी. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्या नावाआधी श्री लावलं होतं.

"पळ," मोठेबाबा म्हणाले. "तू पुढं पळ. तार धरू देऊ नको त्याले. मी आलोच."

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. चावडी पार दुसऱ्या टोकाला. मी चिखलातून पळाले. दोनदा पडले. मागे वळून पाहिलं तर मोठेबाबा तो फुटका गुडघा ओढत, एका हातात काठी, दुसऱ्यानं भिंत धरत येत होते. दिवेलागणीची वेळ, माळा पेटल्या होत्या, ओट्यापुढं डोकी डोकी नुसती. घोंगड्या, पोती, छत्र्या. मी घुसायला पाहिलं तर बायांनीच मागे लोटलं.

"थांबवा त्याले! तार धरू देऊ नका!" मी ओरडत होते. लाऊडस्पीकरपुढं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

गर्दीतून मला ओटा दिसत होता. भिवा पायरीपाशी उभा. त्यानं एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही नीट जोडून पायरीच्या कडेला ठेवल्या. पाटलांचा गडी तांब्या घेऊन पुढं आला आणि त्यानं भिवाच्या पायांवर पाणी ओतलं. देवापुढं जायचं तर पाय धुऊन जावं, रीतच आहे. माझ्या शेजारी आमच्या वस्तीतली केशरबाई उभी होती, ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पाह्य माय, आपल्या पोट्ट्याच्या पायावर पाटलाचा गडी पाणी टाकू राह्यला!" तिला काय ठाऊक, ओल्या पायांना करंट आणखी लवकर धरतो ते. उघडे, ओले पाय घेऊन भिवा त्या भिजलेल्या दगडावर चढला.

कुंकू लावलं. हार घातला. पाटील माईकवर बोलत होते, त्यांची नात कडेवर होती, ती भिवाकडे हात करत होती. रऊफ तार घेऊन आला, पुढचं टोक सोललेलं. त्यानं दुसऱ्या हातात टेस्टर धरला होता. मी पुन्हा ओरडले. भिवानं क्षणभर गर्दीकडे पाहिलं. मला वाटलं त्यानं मला पाहिलं. मग तो गणपतीकडे वळला, डोळे मिटले आणि तार धरली.

सुरुवातीला वाटलं तो हसतो आहे. दात दिसत होते. मान ताठ झाली, हार थरथरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! देवा, नाही, देवा कशाला म्हणू, पण त्या टाळ्या मी मरेपर्यंत विसरणार नाही. शिट्ट्या, टाळ्या, मोरयाचा गजर. त्याची मूठ तारेवर घट्ट आवळलेली आणि तो ती सोडत नव्हता. सोडता येत नव्हती. रऊफला ते आधी कळलं. "छोड, भिवा, छोड!" म्हणत त्यानं त्याचा दंड धरला आणि स्वतःच ओट्याखाली फेकला गेला. मग टाळ्या विरळ झाल्या. कोणी पुढं होईना. त्या वैशाखात वायरीपुढं उभं राहिलं होतं तसंच गाव उभं होतं.

गर्दी बाजूला झाली ती मोठेबाबांच्या काठीनं. त्यांनी कोणाला मारलं का, ढकललं, मला ठाऊक नाही. ते पायरीपाशी आले. पायरीवर त्यांच्या लेकाच्या चपला होत्या. त्या ओलांडून, स्वतःच्या चपला पायात ठेवून, ते ओट्यावर चढले, गणपतीपुढून गेले, भिवाच्या कमरेला मिठी मारली आणि सगळं अंग मागे टाकलं. दोघे आडवे पडले. तार सुटली. मंडपाच्या खांबावर ठिणगी उडाली, माळा विझल्या आणि लाऊडस्पीकर गप्प झाला.

काळोखात झडीचा तेवढा आवाज. कोणीतरी कंदील वर केला. भिवा पडला होता, हात अजून मुठीत. मोठेबाबा त्याच्या छातीवर कान लावून बसलेले. मी आता ओट्याला भिडले होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि ती हलत नव्हती. मग भिवाच्या घशातून घर्रर्र असा आवाज आला, तो खोकला आणि त्यानं श्वास ओढला.

मला वाटलं आता गाव सुटकेचा श्वास टाकेल. पोरगं वाचलं म्हणेल कोणी. पण गर्दीतून पहिला आवाज आला तो असा:

"चपला! चपला घालून चढला वर!"

मग दुसरा, तिसरा. "इटाळलं! देवापुढं चपला!" दोन-तीन माणसं पायरीकडे सरकली. छप्पन सालच्या त्याच काठ्या, फक्त हात नवे. पाटील बंद पडलेला माईक हातात घेऊन नुसते उभे होते. नात मात्र रडायला लागली.

मोठेबाबा उठले. भिवाला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं, एवढा मोठा पोरगा, लेकरासारखा.

"हो," ते म्हणाले. आवाज चढवलाच नाही त्यांनी. "चपला पायातच हायेत. म्हणून पोरगं जितं हाय. आता मारा."

कोणी मारलं नाही. ते पायरी उतरायला लागले. मी पुढं झाले, पायरीवरच्या भिवाच्या चपला उचलल्या आणि तिथल्या तिथं, सगळ्या गावादेखत, त्याच्या लोंबकळणाऱ्या पायांत घातल्या. बोटं गार होती. पट्टे ओले झाले होते, लवकर चढेनात. रऊफ लंगडत आला आणि त्यानं कंदील धरला.

दुसऱ्या दिवशी गावानं कारण शोधून काढलं: ग्यानबा चपला घालून ओट्यावर चढला म्हणून देवानं भिवाची शक्ती काढून घेतली. आधी शक्ती गेली आणि मग बाप चढला, एवढा साधा हिशोब कोणी मांडला नाही. रुपाबाई यायची बंद झाली. हॉटेलातला फुटका कप परत कडेला आला. मास्तरांच्या हजेरीत पुन्हा नाव पटकन सरकू लागलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भिवानंही तेच खरं मानलं. मी त्याला चपलेचं सांगितलं, मोठेबाबांनी सांगितलं. त्यानं तोंड फिरवलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती त्याची, ती तो लपवायचा. बापाशी बोलणं सोडलं. एका चुलीवरचं खायचे, पण शब्द नाही. मोठेबाबा रोज सकाळी त्याच्या चपला पुसून उंबऱ्यापाशी ठेवायचे आणि तो त्या घालून मुकाट्यानं निघून जायचा. मला संताप यायचा. एकदा मी बोललेही, "ज्यानं जीव देल्ला त्याच्यावरच रुसतो काय रे?" तो म्हणाला, "जीव देल्ला, पण नाव काढून घेतलं ना."

दोनेक वर्षं असंच चाललं. मग खांबावर काम करायला वायरमन आला, आणि भिवाला त्यानं रोजंदारीवर हाताखाली घेतलं. सामान उचलायला. पहिल्याच दिवशी वायरमननं त्याच्यापुढं रबरी हातमोजे टाकले आणि त्याच्या पायांकडे पाहून म्हणाला, "चपला बऱ्या हायेत तुह्या. पण वल्या झाल्या तं खांबाकडे फिरकू नको." बस, एवढंच. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी भिवा घरी आला. मोठेबाबा ओसरीवर बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला, त्यांची डाव्या पायातली चप्पल काढून घेतली, उलटी केली आणि तळ पाहत राहिला. पट्टा सुटायला आला होता. त्या वाकड्या बोटांनी त्यानं तो ओवला, ओढून घट्ट केला आणि परत बापाच्या पायात घातला. "बा," म्हणाला. मोठेबाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीआडून डोकावून सारं पाहत होते आणि खुळ्यासारखी रडत होते.

पुढं भिवा कायमचा नोकरीत लागला. कोणत्याही खांबावर चढायच्या आधी चपला पाहायचा, हातमोजे पाहायचा, मग सोबतच्या पोरांचे पाहायचा. ती पोरं त्याची चेष्टा करायची, पण त्याच्या हाताखालचा एकही माणूस विजेनं गेला नाही. त्याच्या नावाचा कुठं गाजावाजा झाला नाही. लोक पुन्हा विसरले. त्याला आता त्याचं काही वाटत नसे.

मोठेबाबा एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात गेले. आंघोळ घातली, पांढरं कापड घातलं, तिरडीवर ठेवलं. कोणीतरी रीतीप्रमाणे पाय उघडे ठेवून दोन अंगठे बांधायला गेलं, तेव्हा भिवानं त्याचा हात धरला. आत गेला, टायरच्या चपला घेऊन आला, पुसल्या आणि बापाच्या पायात घातल्या. पट्टे घट्ट आहेत का ते दोनदा पाहिलं.

स्मशानाची वाट चावडीपुढूनच जाते. ओट्यावर शेषराव पाटील बसले होते, म्हातारे झालेले. तिरडी समोर आली तसे ते उठून उभे राहिले, उतरले आणि त्यांनी आपल्या चपला काढून ठेवल्या. भिवा पुढच्या खांदेकऱ्यात होता. त्यानं ते पाहिलं, पण थांबला नाही. तो तसाच चालत राहिला, आणि त्याच्या खांद्यावर त्याचा बाप चपला पायात घालून चावडीपुढून गेला.